सियागंज ते हायफाँग : व्हिएतनामहून दालचिनी आणि चक्रीफूल मागवताना

गोडा मसाला असो, छोल्यांचा असो की पुलावाचा खडा मसाला, इंदूरच्या सियागंजात जी जाड, लालसर, जिभेला चटका देणारी दालचिनी मिळते ती बहुतेक वेळा व्हिएतनाम, चीन किंवा इंडोनेशियातून आलेली असते. चक्रीफूल, म्हणजे आपलं बादियान, तर जवळजवळ सगळंच बाहेरचं. मधल्या दोन-तीन हातांचा नफा वाचवून थेट तिथून माल आणावा, असं मसाल्याचा गृहउद्योग चालवणाऱ्या किंवा किराण्याच्या घाऊक धंद्यात नव्याने उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात येतं. ते जमतं. पण या धंद्यात पैसे बुडतात ते बहुधा भावात नाही. करारात काय लिहिलं आणि गोणीत काय आलं यातल्या फरकात ते बुडतात, किंवा कागदातल्या एखाद्या चुकीच्या शब्दात. म्हणून खालच्या पायऱ्यांत मालाइतकीच जागा कागदांना दिली आहे.

आधी स्वतःचा खप मोजा

एक किलो गोड्या मसाल्याला साधारण २५ ग्रॅम दालचिनी लागते. वर्षाला पाच टन मसाला विकणारा कारखाना म्हणजे लहान नव्हे, पण त्यालाही दालचिनी लागते फक्त १२५ किलो. वीस फुटी कंटेनरमध्ये मात्र कित्येक टन माल येतो. केवळ स्वतःच्या मसाल्यासाठी कंटेनर मागवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. वाशीच्या एपीएमसी मसाला बाजारातल्या आयातदाराकडून दोन-चार गोण्या घ्या. त्यात तोटा तर नाहीच, उलट वेगवेगळ्या प्रतींचा माल हाताखालून जातो आणि नजर तयार होते. थेट आयात करायचीच असेल तरी पहिले सहा महिने हे करावं.

त्यापुढे दोन वाटा आहेत. एक, दुसऱ्यांच्या मालासोबत अर्ध्या कंटेनरमधून टन-दोन टन आणणं. याला एलसीएल म्हणतात आणि भाडं घनमीटरवर लागतं. दुसरी वाट पूर्ण कंटेनरची. एलसीएल स्वस्त वाटतं, पण बंदरावरच्या गोदामाचं शुल्क, सीमाशुल्क एजंटाची फी, अन्न तपासणीची फी हे सगळं एक टनाला लागतं तेवढंच जवळपास दहा टनांना लागतं. एलसीएलचा उपयोग विक्रेता पारखण्यासाठी. कमाईची अपेक्षा त्यातून ठेवू नका.

चार-पाच ओळखीचे व्यापारी मिळून कंटेनर मागवणार असाल तर आयातदार एकच ठेवा. परवाना, बिल ऑफ एन्ट्री (आयातीचं सीमाशुल्क घोषणापत्र), बँकेचा व्यवहार सगळं त्याच्या नावावर. बाकीच्यांनी त्याच्याकडून जीएसटीच्या बिलावर माल विकत घ्यावा. माल नापास झाला किंवा भाव पडला तर नुकसान कोणी किती सोसायचं हे आगाऊ रक्कम पाठवण्याआधी कागदावर घ्या, भागीदार सख्खा मावसभाऊ असला तरी.

मालाची ओळख

व्हिएतनामच्या दालचिनीचा मोठा पट्टा उत्तरेला येन बायच्या डोंगराळ भागात आहे. मध्य भागात क्वांग नामच्या त्रा मीची आणि क्वांग न्गायच्या त्रा बाँगची दालचिनीही नावाजलेली. चक्रीफूल मुख्यतः लाँग सॉनचं, चीनच्या सीमेला लागून. एक गोष्ट लक्षात ठेवा : १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने ६३ प्रांतांचे ३४ केले. येन बाय आता लाओ काय प्रांतात आहे, क्वांग नाम दा नांगमध्ये. जुने परवाने, वेबसाइट आणि नवे दाखले यांत पत्ता वेगळा दिसला म्हणून लगेच फसवणूक समजू नका. पण बीजक, उगमाचा दाखला आणि फायटोसॅनिटरी दाखला (माल रोग-कीडमुक्त असल्याचा) या तिन्हींवर पत्ता एकच हवा, हे विक्रेत्याला आधीच सांगा.

आपण ज्याला सरसकट दालचिनी म्हणतो त्यात कायद्याच्या दृष्टीने दोन वस्तू आहेत. श्रीलंकेची पातळ, अनेक पदरी, फिक्या रंगाची ती सिनॅमन, म्हणजे दालचिनी. व्हिएतनाम-चीनची जाड सालीची ती कॅसिया, म्हणजे तज. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांत दोन्हींची मानकं वेगळी आहेत, आणि कॅसियावर सिनॅमन असं लेबल लावणं गुन्हा ठरतो. करारापासून पाकिटापर्यंत कॅसिया हाच शब्द वापरा.

कॅसियाच्या प्रती अशा : विडीसारखी गुंडाळलेली 'सिगारेट', लांब नळी, दाबून सपाट केलेली साल, आणि तुकडा. मसाला दळणाऱ्याला तुकडा पुरतो. नळी आणि सिगारेट दिसायला छान, म्हणून महाग, पण दळल्यावर रूपाचा उपयोग शून्य. खरी किंमत उडनशील तेलाची. जुन्या झाडाची साल जाड आणि तेलकट असते. विरळणी करताना तोडलेल्या कोवळ्या झाडांची साल पातळ, कमी तेलाची. स्वस्त तुकड्यात ही कोवळी साल बरीच मिसळलेली असते. भारताच्या मानकात अख्ख्या कॅसियाला किमान २ टक्के तेल हवं. चांगल्या व्हिएतनामी मालात ते ३ टक्क्यांच्या पुढे सहज जातं, त्यामुळे करारात २.५ किंवा ३ टक्के मागायला संकोच नको.

आता नवख्यांना हमखास नडणारा मुद्दा : ओलावा. व्हिएतनामी विक्रेत्याच्या छापील पत्रकावर बऱ्याचदा 'ओलावा जास्तीत जास्त १३.५ टक्के' असं असतं. इतर काही देशांना ते चालतं. आपल्याकडे अख्ख्या कॅसियाची मर्यादा १२ टक्के आहे. म्हणजे विक्रेत्याने शब्द तंतोतंत पाळला, तरी न्हावा शेवाच्या प्रयोगशाळेत तुमचा माल नापास होऊ शकतो आणि विक्रेत्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. करारात १२ नव्हे, ११.५ टक्के लिहा. समुद्रात माल थोडा ओलावा ओढतो, त्यासाठी ही अर्ध्या टक्क्याची सोय.

नळीची दालचिनी पाहताना दहा-बारा नळ्या उकलून आतून बघा. बुरशी बाहेर दिसत नाही, गुंडाळीच्या आत पांढरट-हिरवट थर असतो. तुकड्याच्या गोणीतला माल तळापासून काढून मोठ्या ताटात चाळा; माती, चुरा आणि सालीला चिकटलेलं लाकूड वेगळं करून वजन करा. पूड घेऊच नका. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या गरात दालचिनीच्या पुडीतून शिसं गेल्याचं प्रकरण झालं, तेव्हापासून पुडीकडे सगळेच संशयाने बघतात. आणि पुडीत काय मिसळलंय हे डोळ्यांना कळत नाही.

चक्रीफुलाचे दोन हंगाम. पावसाळ्याअखेर ते शरदापर्यंतचा मोठा, त्यात फूल भरलेलं आणि रुंद. वसंताचा छोटा, त्यात फूल बारीक आणि भाव कमी. नमुना शरदाच्या मालाचा दाखवून वसंताचा माल भरणं ही जुनी चलाखी आहे, म्हणून करारात हंगाम आणि वर्ष लिहून घ्या. त्याशिवाय फुलाचा किमान व्यास (२.५ सेंटीमीटर हे नेहमीचं माप), तुटक्या फुलांचं आणि देठांचं कमाल प्रमाण, आणि गंधकाची धुरी दिलेली नाही ही हमी. गंधकाने फूल एकसारखं लाल-तांबूस, चकचकीत दिसतं आणि नाकाशी नेल्यावर आंबूस झणका येतो. नुसतं उन्हात वाळवलेलं फूल गडद तपकिरी, थोडं बेढब, पण फोडल्यावर बडीशेपेसारखा गोड वास देणारं असतं. बडीशेपेचा वास अजिबात नसलेली, टोकं आकड्यासारखी वळलेली बारीक फुलं आली तर तो माल हातीच धरू नका. चक्रीफुलाची जपानी जात विषारी आहे.

आणि मिरी? व्हिएतनाम जगात सर्वांत जास्त मिरी निर्यात करतो, म्हणून मोह होतो. पण विमा-भाड्यासह किलोला ५०० रुपयांच्या खालच्या मिरीच्या आयातीवर परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, बंदी घातलेली आहे, आणि करही जबर आहे. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

घरचे कागद

डीजीएफटीच्या संकेतस्थळावर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, काढा. पॅनवर मिळतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन अद्ययावत करावाच लागतो, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि ते नेमकं कंटेनर बंदरात असताना कळतं.

चालू खातं परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेत हवं. कोपऱ्यावरच्या शाखेत खातं असेल तर शाखाधिकारी भला माणूस असूनही प्रत्येक कागद दुसरीकडे पाठवेल आणि आठवडा जाईल. त्या शाखेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा बँकेचा क्रमांक) सीमाशुल्काच्या आइसगेट संकेतस्थळावर माल उतरणार त्या बंदरासाठी नोंदवा.

खाद्यपदार्थ आयात करायला एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना लागतो, वर्षाला ७,५०० रुपये. तुमच्याकडे उत्पादनाचा राज्य परवाना असला तरी आयातीला तो चालत नाही. परवाना हातात येईपर्यंत माल जहाजावर चढवू नका.

कोड आणि कर

कॅसियाचा आठ अंकी सीमाशुल्क कोड ०९०६१९१०. चक्रीफूल ०९०९ या मथळ्याखाली, बडीशेप-जिऱ्यासोबत. मूळ सीमाशुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यासकट किमतीवर ५ टक्के आयजीएसटी. समजा विमा-भाड्यासह किंमत १०० रुपये आणि मूळ शुल्क ३० टक्के धरलं, तर शुल्क ३०, अधिभार ३, आणि १३३ वर आयजीएसटी ६.६५. एकूण ३९.६५ रुपये खिशातून जातात, त्यातले ६.६५ पुढे विक्रीच्या जीएसटीत वळते होतात, ३३ होत नाहीत.

हे ३३ कमी करण्याची वाट म्हणजे भारत-आसियान मुक्त व्यापार करार, २०१० पासून लागू. सवलतीचे दर सीमाशुल्काच्या अधिसूचना ४६/२०११ मध्ये वस्तूवार दिलेले असतात. तुमच्या कोडसमोरचा आजचा दर एजंटाकडून लेखी घ्या, तोंडी नको. सवलतीसाठी व्हिएतनामच्या उद्योग व व्यापार मंत्रालयाने दिलेला 'फॉर्म एआय' हा उगमाचा दाखला हवा. शेतमाल असल्याने तो तिथेच पिकलेला असला पाहिजे. लाँग सॉन सीमेवर चिनी आणि व्हिएतनामी चक्रीफुलाची ये-जा दोन्ही बाजूंनी चालते, त्यामुळे दाखला खरा असूनही माल शेजारचा निघू शकतो, आणि मग सवलत नाकारल्याचा भुर्दंड आयातदारावर पडतो. २०२० पासूनच्या 'कॅरोटार' नियमांनुसार माल कुठे पिकला, कुठे प्रक्रिया झाली याची माहिती आयातीपूर्वी आयातदाराकडे असली पाहिजे आणि ती पाच वर्षं जपायची असते. विक्रेत्याकडून शेतकऱ्यांकडच्या किंवा गोळा करणाऱ्यांकडच्या खरेदीच्या पावत्यांच्या प्रती मागा. जो देत नाही त्याला सवलतीच्या हिशोबाने भाव देऊ नका.

विक्रेता शोधणं आणि पारखणं

व्हिएतनाम १९८६ च्या दोई मोई सुधारणांनंतर खुला झाला, २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि तिथे आज निर्यात करणाऱ्या छोट्या कंपन्या असंख्य आहेत. त्यातल्या कित्येकांकडे एक टेबल, एक फोन आणि छान इंग्रजी बोलणारी विक्री प्रतिनिधी असते, कारखाना दुसऱ्याचा. मध्यस्थ असणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण कारखाना माझा आहे असं सांगणारा मध्यस्थ नको.

सुरुवात व्हिएतनाम पेपर अँड स्पाइस असोसिएशन या तिथल्या मिरी-मसाला संघटनेच्या सदस्यांपासून करा. हनोईतला भारतीय दूतावास आणि हो ची मिन्ह शहरातलं वाणिज्य दूतावास यांचे व्यापार विभागही चौकशीला उत्तर देतात. मग प्रत्येक कंपनीचा दहा अंकी कर क्रमांक मागा आणि व्हिएतनामच्या सरकारी कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकून बघा : नाव, पत्ता, स्थापनेची तारीख, कायदेशीर प्रतिनिधी. बीजकावर सही करणारा आणि नोंदणीतला प्रतिनिधी वेगळे असतील तर कारण विचारा. कंपनीचं व्हिएतनामी भाषेतलं नावच बँक खात्यावर असलं पाहिजे. व्यक्तीच्या नावाचं खातं दिलं तर बोलणं तिथेच संपवा.

व्हॉट्सॲपपेक्षा तिथे 'झालो' (Zalo) हे ॲप चालतं, ते घेऊन ठेवा. व्हिडिओ कॉलवर गोदाम बघायला मागताना आधी वेळ ठरवू नका; ऐन वेळी मागा. त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं आणि दुपारच्या जेवणानंतर विश्रांतीची पद्धत आहे, त्यामुळे आपल्या सकाळी आठ-नऊच्या सुमाराचा फोन लागतो.

नमुने किमान तिघांकडून, प्रत्येकी एक-दोन किलो मागवा. २०० ग्रॅमचं पाकीट हे निवडून भरलेलं असतं. इंदुरात एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत ओलावा, उडनशील तेल, एकूण राख आणि कीटकनाशकांचे अंश तपासून घ्या. पसंत नमुन्याचे तीन भाग करून सीलबंद करा : एक तुमच्याकडे, एक विक्रेत्याकडे, एक तपासणी कंपनीकडे.

प्रत्यक्ष जायचं तर ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाला २५ डॉलर. इंदूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठून हनोई. तिथून येन बाय रस्त्याने काही तासांवर. शाकाहारींनी 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करावेत, नाहीतर भाजीच्या रश्शातही माशाचा सॉस असतो. तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात कधीतरी येतं. त्याच्या आगेमागे मिळून तीन-चार आठवडे ना माणूस सापडतो ना ट्रक. त्या काळातला 'उद्या भरतो' हा शब्द हिशोबात धरू नका.

करारात काय लिहायचं

प्रोफॉर्मा बीजकालाच, म्हणजे विक्रेत्याने आधी पाठवलेल्या कच्च्या बिलालाच, करार समजून पैसे पाठवणं ही सर्रास होणारी गोष्ट. त्यावर 'कॅसिया, चांगली प्रत, १० टन' एवढंच असतं. दोन पानी करार करा आणि त्यात निदान हे असू द्या : शास्त्रीय नाव, प्रत, हंगाम व वर्ष, ओलावा, तेल, राख, बाह्य पदार्थ, कीड, गंधक, कीटकनाशकं भारतीय मर्यादेत, गोणीचं वजन व प्रकार, प्रत्येक गोणीवर बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख. मुदत लांब ठेवायला सांगा, कारण आयातीच्या वेळी मालाची ६० टक्के मुदत किंवा तीन महिने, यातलं जे कमी ते शिल्लक असावं लागतं. बॅच मात्र थोड्याच ठेवा. प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक बॅच हा तपासणीत वेगळा नमुना ठरतो, आणि फी नमुन्यागणिक.

कंटेनरमध्ये किती टन बसेल हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. चक्रीफूल इतकं हलकं की वजनाची मर्यादा गाठण्याआधी जागा संपते. किलोचा भाव कमी वाटला तरी भाडं किलोमागे जास्त पडतं. म्हणून तुलना करायची ती इंदूरच्या गोदामात पोहोचलेल्या किलोची.

वाद झाला तर लवाद सिंगापूरला की हनोईला, यावर फार वेळ घालवू नका. एका कंटेनरच्या रकमेसाठी तिथे जाऊन भांडणं परवडत नाही. तुमचं खरं संरक्षण पैसे देण्याच्या टप्प्यांत आहे.

पैसे

नेहमीची पद्धत ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के कागदांची प्रत पाहिल्यावर. व्हिएतनामी निर्यातदार आजकाल याहून सैल अटी सहसा मान्य करत नाहीत, आणि त्याला कारण आहे. २०२२ मध्ये इटलीला पाठवलेल्या काजूच्या कंटेनरांचे मूळ कागद वाटेत गायब झाले होते, आणि २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत मिरी, दालचिनी, काजू, चक्रीफूल भरलेले कंटेनर पैसे न देताच उचलले गेले. तेही दुधाने पोळलेले आहेत.

तुम्ही एवढं करा : ७० टक्क्यांची अट 'बिल ऑफ लेडिंगची (माल चढल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीची) प्रत' एवढीच न ठेवता 'बिल ऑफ लेडिंग आणि ठरलेल्या तपासणी कंपनीचा पास अहवाल' अशी ठेवा. व्हिनाकंट्रोल, एसजीएस, इंटरटेक यांपैकी कोणाचेही निरीक्षक गोदामात जाऊन नमुने घेतात, भरणी बघतात आणि कंटेनरला सील लावतात. निरीक्षक तुम्ही नेमायचा, फी तुम्ही द्यायची. विक्रेत्याने नेमलेल्या माणसाचा अहवाल हा विक्रेत्याचाच अहवाल.

मोठ्या रकमेला एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेचं हमीपत्र) चांगलं, पण बँक फक्त कागद तपासते, गोणी नव्हे. एलसीत तपासणी अहवाल हा आवश्यक कागद म्हणून लिहिला नसेल तर भुसा भरलेल्या कंटेनरलाही बँक पैसे देईल.

'आमचं खातं लेखापरीक्षणात अडकलंय, या नव्या खात्यात पाठवा' अशी मेल आली तर ती खरी विक्रेत्याच्या पत्त्यावरून आलेली असली तरी पैसे पाठवू नका. मेल फोडून मधल्या मधे बीजक बदलणारे चोर असतात. जुन्या नंबरवर फोन करून, चेहरा बघून खात्री करा. पैसे गेल्यावर बिल ऑफ एन्ट्री बँकेच्या नोंदीत जुळवून घ्यायची जबाबदारी तुमची. ती लटकली तर पुढच्या वेळी बँक अडवते.

जहाज आणि कागदांची जुळणी

उत्तरेचा माल हायफाँग बंदरातून निघतो. वाटेत बहुधा सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला जहाज बदलतं. न्हावा शेवापर्यंत तीन-चार आठवडे धरा. भाव एफओबी हायफाँग (भाडं-विमा आपला) घ्यावा की सीआयएफ न्हावा शेवा (भाडं-विमा विक्रेत्याचा)? पहिल्या वेळी सीआयएफ सोपं वाटतं. पण विक्रेत्याने निवडलेला स्वस्त जहाज-दलाल आपली कसर इथल्या डिलिव्हरी ऑर्डरच्या (माल ताब्यात घ्यायच्या चिठ्ठीच्या) शुल्कात काढतो. तुमच्या एजंटाकडून दोन्ही प्रकारे आकडा मागवा. सीआयएफमध्ये विक्रेता कमीत कमी संरक्षणाचा विमा देतो, पाण्याने भिजणं त्यात बहुधा येत नाही. वेगळा सर्व-जोखीम विमा घ्या. आणि कंटेनर विनादंड ठेवायचे १४ दिवस आधीच मागून घ्या. अन्न तपासणीत दिवस जातात, आणि नंतरचा दंड डॉलरमध्ये लागतो.

भरणीच्या वेळी : कंटेनर कोरडा, भोक नसलेला, आधी खत-रसायन न वाहिलेला, आतून क्राफ्ट कागदाचं अस्तर, छताला ओलावा शोषणाऱ्या पिशव्या. दमट हायफाँगमध्ये भरलेल्या मालाचा ओलावा रात्रीच्या थंडीत छतावर जमून थेंबाथेंबाने वरच्या गोण्यांवर पडतो, आणि उघडल्यावर वरचे दोन थर काळे निघतात. लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवा.

कागद : बीजक, पॅकिंग यादी, बिल ऑफ लेडिंग, फॉर्म एआय, फायटोसॅनिटरी दाखला, धुरीचा दाखला, प्रयोगशाळेचा अहवाल. जहाज सुटण्याआधी सगळ्यांचे मसुदे मेलवर मागवून शेजारी शेजारी ठेवून वाचा. तुमच्या कंपनीचं नाव आयईसीवर आहे अगदी तसंच. एकूण व निव्वळ वजन सगळीकडे एकच. शास्त्रीय नाव फायटोवर बरोबर. भारताच्या प्लांट क्वारंटाइन (वनस्पती विलगीकरण) आदेश २००३ च्या परिशिष्टांत अटी शास्त्रीय नावानेच दिलेल्या आहेत. आयात परवाना लागतो की नुसता फायटो पुरतो, आणि कोणत्या औषधाची धुरी मान्य आहे, हे त्यावरूनच ठरतं. धुरी तिथे नियमाप्रमाणे झाली नसेल तर इथे पुन्हा करावी लागते, शुल्कासह.

न्हावा शेवा की टिही

पीथमपूरजवळ टिहीला कॉन्कॉर या सरकारी कंटेनर कंपनीचं ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूरचं बंदर, आहे आणि कंटेनर रेल्वेने तिथपर्यंत आणता येतो. घराजवळ काम होणार म्हणून मन तिकडे ओढतं. मसाल्याला मात्र सीमाशुल्काशिवाय प्लांट क्वारंटाइन आणि एफएसएसएआय अशा आणखी दोन मोहरा लागतात. न्हावा शेवाला तिन्ही यंत्रणा रोज मसाले हाताळतात. पहिले दोन-तीन कंटेनर तिथेच सोडवा आणि ट्रकने धुळ्यावरून आणा. पावसाळ्यात दुहेरी ताडपत्री.

बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये. एफएसएसएआयचा नमुना नापास झाला तर फेरतपासणीसाठी अपील करता येतं. तिथेही नापास झाला तर माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं, एवढेच पर्याय उरतात. आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक अशा काही त्रुटी बंदरावर स्टिकर लावून दुरुस्त करता येतात. मुदतीची तारीख येत नाही.

गोदामात आल्यावर

सील क्रमांक कागदाशी जुळवा, फोटो घ्या, मगच सील तोडा. दर दहा गोण्यांमागे एक गोणी काट्यावर. विम्याचा दावा करायचा तर माल हलवण्याआधी सर्वेअर बोलवावा लागतो. आधी उतरवून घेऊ, मग बघू, असं केलं की दावा जातो.

घट हिशोबात धरा. माळव्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत १२ टक्के ओलाव्याची साल ८ टक्क्यांवर सहज येते. १०० किलोत ८८ किलो कोरडा भाग. तो ९२ टक्के झाला की वजन उरतं ९५.६५ किलो. म्हणजे क्विंटलला सव्वाचार किलोंहून जास्त माल काहीही चोरीला न जाता कमी होतो, आणि किलोमागच्या तुमच्या खर्चात साडेचार टक्क्यांची भर पडते. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या गोण्या, भिंतीपासून हातभर अंतर, खाली फळ्या. चक्रीफूल आणि दालचिनी एकाच खोलीत ठेवू नका, महिन्याभरात दोन्हींना एकमेकांचा वास लागतो.

सियागंजात विकताना बिलावर 'कॅसिया (तज)' लिहा, ग्राहक तोंडाने दालचिनी म्हणाला तरी. सुट्या पाकिटांवर मूळ देश, आयातदार आणि परवाना क्रमांक छापा. प्रत्येक बॅचचा अर्धा किलो नमुना मुदत संपेपर्यंत सीलबंद ठेवा. कोणी तक्रार घेऊन आला की त्याची गोणी आणि तुमचा नमुना शेजारी ठेवून बघता येतं.